‘रफ’ म्हणजे नेमके काय? पोत आणि आकार सांगणाऱ्या इंग्रजी विशेषणांची निवड

मालवण तालुक्यातील आचरा या गावच्या किनाऱ्यावर हाताला आणि पायाला जे जे लागते, त्याला मराठीत आपापला शब्द आहे. पायाखालची वाळू रवाळ, घराभोवतीचा चिऱ्याचा गडगा खडबडीत, होडी बांधायचा सुंभ खरखरीत, फुटलेल्या कालवाची कड दातेरी आणि मिरग लागला की देवळाच्या पायऱ्या निसरड्या. हेच सारे इंग्रजीत सांगायची वेळ आली की मात्र बहुतेकांच्या लेखणीतून एकच शब्द उतरतो, तो म्हणजे ‘रफ’. वाळू रफ, गडगा रफ, सुंभ रफ आणि समुद्रही रफ.

शाळेच्या निबंधात या आळसाची किंमत एखाददुसरा गुण एवढीच असते. पण मालवण किनाऱ्यावर पर्यटन वाढले, घरोघरी निवास-न्याहारीच्या पाट्या लागल्या, मासळीचे आणि काजूचे वर्णन परप्रांतीय व परदेशी गिऱ्हाइकाला इंग्रजीत कळवावे लागू लागले, आणि शब्दाच्या निवडीला व्यवहाराची बाजू आली. हवामान खात्याच्या इशाऱ्यात तर याच विशेषणांवर होडी पाण्यात लोटायची की किनाऱ्यावर ओढून ठेवायची, हे ठरते.

अडचणीचे मूळ दोन भाषांच्या स्वभावात आहे. मराठीतील पोताची विशेषणे बरीचशी नादातून आलेली आहेत. खरखरीत, खडबडीत, गुळगुळीत, बुळबुळीत, भुसभुशीत, लिबलिबीत हे शब्द उच्चारतानाच स्पर्श जाणवतो आणि तो का तसा आहे, हे सांगण्याची गरज उरत नाही. इंग्रजीतही नादशब्द आहेत, पण नेमके लिहायचे झाले की ती भाषा कारण विचारते. खडबडीतपणा कशाने आला? कण मोठे आहेत म्हणून, उंचसखल आहे म्हणून, खळगे आहेत म्हणून, की दाते आहेत म्हणून? प्रत्येक कारणाला तिथे वेगळे विशेषण आहे. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये निघाला, तेव्हापासून मराठी वाचकाला पर्याय उपलब्ध आहेत. परंतु कोश पर्यायांची रांग उभी करतो, तिच्यातला कोणता उचलायचा हे प्रसंग पाहूनच ठरवावे लागते.

खडबडीत, भरड, उंचसखल

‘रफ’ हा या कुळातला सर्वांत ढोबळ शब्द. हात फिरवला आणि तो सहज सरकला नाही की पृष्ठभाग रफ. हा शब्द चुकीचा क्वचितच ठरतो, पण पुरेसाही क्वचितच ठरतो.

‘कोअर्स’ हा शब्द मात्र पृष्ठभागाचा नाही, घटकांचा आहे. ज्या कणांनी किंवा तंतूंनी वस्तू बनली ते मोठे, जाड असतील तर ती कोअर्स. मराठीतील ‘भरड’ आणि ‘जाडाभरडा’ हे त्याचे सख्खे भाऊ. काथ्याचे तंतू जाड असतात म्हणून सुंभ कोअर्स, आणि त्यामुळेच तो तळहाताला रफ लागतो. भरडलेले तांदूळ कोअर्स असतात, त्यांना कोणी रफ म्हणणार नाही. उलट, रंधा न मारलेली फळी रफ असते, ती कोअर्स असेलच असे नाही. वाळूच्या बाबतीत तर या शब्दाला मोजमाप आहे. चेस्टर वेंटवर्थ या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये मांडलेल्या श्रेणीनुसार ०.०६२५ ते २ मिलिमीटर व्यासाचे कण म्हणजे वाळू. त्यातही अर्धा ते एक मिलिमीटरचे कण ‘कोअर्स’, पाव ते अर्धा मिलिमीटरचे ‘मीडियम’ आणि त्याखाली पाव मिलिमीटरच्या निम्म्यापर्यंतचे ‘फाइन’. म्हणून ‘रफ सँड’ असे लिहिले की वाचणारा अडखळतो. ‘कोअर्स सँड’ म्हटले की त्याला दाणा दिसतो.

‘ग्रिटी’ हा याच्या शेजारचा शब्द, पण तो तक्रारीचा आहे. जिथे कण नको होते तिथे कचकच लागली की ग्रिटी. तिसऱ्या नीट धुतल्या नाहीत आणि रश्शात वाळू दाताखाली आली तर रस्सा ग्रिटी. रव्याचा लाडू मात्र ग्रिटी नव्हे, त्याचे रवाळपण हवेसे असते. त्याला ‘ग्रेनी’ किंवा ‘ग्रॅन्युलर’ शोभेल.

‘अनईव्हन’ म्हणजे पातळी सारखी नसलेला. शेणाने सारवलेली जमीन हाताला मऊ लागते, तरी ती अनईव्हन असू शकते. ‘बम्पी’मध्ये उंचवटे जाणवतात, म्हणून तो रस्त्याला चपखल बसतो. ‘लम्पी’मध्ये गुठळ्या असतात आणि त्या आतही असतात, घावण्यांचे पीठ नीट ढवळले नाही तर ते लम्पी होते, बम्पी नव्हे. ‘रग्ड’ला मोठे माप लागते. देवगडच्या बाजूचे कातळकडे रग्ड म्हणता येतील. आचऱ्याचा लांबरुंद वाळूचा किनारा कितीही वारा सुटला तरी रग्ड होत नाही, आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकात तसे छापले तर आलेला पाहुणा कडे शोधत बसेल.

दात्यांचेही दोन प्रकार. ‘जॅगेड’ म्हणजे वेडेवाकडे, फुटून झालेले दाते. कालवाच्या फुटक्या शिंपेची कड जॅगेड असते आणि तिने पाय कापतो. ‘सेरेटेड’ म्हणजे मुद्दाम वा निसर्गतः ओळीने आलेले सारखे दाते. नारळ खवायच्या खवणीचे पाते सेरेटेड. खवणीला जॅगेड म्हटले तर ती मोडकी ठरेल.

चिरा आणि मोरी

या विशेषणांचा कस लावायला जांभ्या दगडासारखी वस्तू नाही. सिंधुदुर्गातील घरे, गडगे, विहिरी, देवळांचे चौथरे या दगडाने उभे आहेत. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की हत्याराने त्याचे चिरे पाडता येतात. उघड्यावर वाऱ्यापावसात राहिला की कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारमध्ये हा दगड विटेसारखा कापला जाताना पाहिला आणि १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. म्हणजे शास्त्रीय नावसुद्धा दगडाच्या वापरावरून पडले, रंगावरून नव्हे. मराठी नाव पाहिले तर त्यात जांभळाचा रंग आहे.

हा चिरा रफ तर आहेच. पण त्याच्या अंगावर बारीक खळगे आहेत, म्हणून तो ‘पिटेड’. आणि त्यातून पाणी झिरपते, म्हणून तो ‘पोरस’. हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, ते टाळावे. पिटेड हे डोळ्यांना दिसते, पोरस हे पाणी ओतल्यावर कळते. देवीचे व्रण असलेला चेहरा पिटेड असतो, पोरस नव्हे. मातीचा माठ पोरस असतो, पिटेड नव्हे. जांभा दोन्ही आहे, आणि सड्यावर पडलेला पाऊस पायथ्याच्या झऱ्यांना का भेटतो याचे उत्तर दुसऱ्या विशेषणात आहे, पहिल्यात नाही.

मोरीची गोष्ट आणखी वेगळी. या माशाला इतर माशांसारखी खवले नसतात. कातडीवर दातांच्या घडणीचे अतिसूक्ष्म कण असतात आणि त्यांची टोके शेपटीकडे वळलेली असतात. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर कातडी बऱ्यापैकी गुळगुळीत लागते, उलट फिरवला तर कानस. एकच पृष्ठभाग एका दिशेने ‘स्मूथ’ आणि दुसऱ्या दिशेने ‘रफ’. उलट दिशेने ती दुसऱ्या वस्तूला घासून झिजवते, म्हणून तिला ‘अब्रेसिव्ह’ हे विशेषणही लागते. रफ हा वस्तूचा गुण, अब्रेसिव्ह हा तिचा दुसऱ्यावर होणारा परिणाम. पॉलिश पेपर अब्रेसिव्ह असतो. फणसाची साल रफ, काटेरी, पण अब्रेसिव्ह नव्हे.

गुळगुळीत आणि निसरडे

‘स्मूथ’ आणि ‘स्लिपरी’ यांची गल्लत पाट्यांवर हमखास दिसते. स्मूथ म्हणजे गुळगुळीत, स्लिपरी म्हणजे निसरडा. पहिल्यात कौतुक असू शकते, दुसऱ्यात इशारा असतो. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या मुळात रफ असतात, तरीही त्या स्लिपरी असतात. घोटलेली कोरडी फरशी स्मूथ असते आणि तरी माणूस तिच्यावर खुशाल चालतो. पायऱ्यांपाशी ‘स्मूथ स्टेप्स’ अशी पाटी लावली तर पाहुण्याला ती जाहिरात वाटेल. तिथे ‘स्लिपरी व्हेन वेट’ एवढेच हवे.

बुळबुळीत म्हणजे ‘स्लायमी’. त्यात चिकट द्रवाचा थर अभिप्रेत आहे आणि थोडी किळसही. तुकतुकीत म्हणजे ‘ग्लॉसी’ किंवा ‘स्लीक’. ग्लॉसी हा चकाकीचा शब्द, फणसाच्या किंवा आंब्याच्या पानाला चालतो. स्लीक मध्ये चकाकीबरोबर निमुळता, प्रवाही आकारही येतो, म्हणून मालवणच्या समुद्रात उसळणाऱ्या डॉल्फिनला तो शोभतो. ‘स्लिक’ हा ऱ्हस्व उच्चाराचा शब्द निराळा. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगाला इंग्रजीत हेच नाव आहे.

मासळीबाजारात या शब्दांना पैशांत मोजता येते. ताज्या माशाचे मांस बोटाने दाबले की पुन्हा वर येते. त्याला ‘फर्म’ म्हणतात, ‘हार्ड’ नव्हे. हार्ड म्हटले की मासा बर्फात गोठलेला आहे असा समज होतो. शिळा मासा ‘सॉफ्ट’ किंवा ‘फ्लॅबी’ होतो, त्याचे कल्ले स्लायमी होतात. माकूल जास्त शिजले तर ते ‘टफ’ किंवा ‘रबरी’ होते. मराठीतील ‘वातड’ हा शब्द दोन्हींहून सरस, पण त्याला इंग्रजीत एकशब्दी जोड नाही. ‘टेंडर’ आणि ‘सॉफ्ट’ यांतही फरक आहे. शहाळ्याला ‘टेंडर कोकोनट’ म्हणतात ते त्याचे खोबरे मऊ आहे म्हणून नव्हे, तर नारळ कोवळा आहे म्हणून. शिजवलेल्या मांसाला टेंडर म्हणताना चावायला सोपे, एवढा अर्थ असतो. बोंबील मात्र मुळातच सॉफ्ट. तळल्यावर वरून ‘क्रिस्प’, आतून सॉफ्ट. क्रिस्पमध्ये थर पातळ असतो. ‘क्रंची’त तो जाड असतो आणि चावताना आवाज मोठा होतो. गुळाचा पाक चढवलेले मालवणी खाजे क्रंची. ‘ब्रिटल’ हा शब्द खाण्याला जपून लावावा. ठिसूळपणा हा बहुधा दोष समजला जातो.

समुद्र ‘रफ’ असतो तेव्हा

रोजच्या बोलण्यातील ‘रफ सी’ ही ढोबळ गोष्ट आहे. हवामान विषयक पत्रकांतील ‘रफ’ तशी नाही. ब्रिटिश नौदलातील कॅप्टन एच. पी. डग्लस यांच्या नावाने ओळखली जाणारी समुद्रस्थितीची श्रेणी १९२१च्या सुमारास तयार झाली आणि आज जागतिक हवामान संघटनेच्या संकेतावलीत तीच विशेषणे लाटांच्या उंचीशी बांधलेली आहेत. शांत समुद्राला ‘काम’ म्हणतात. देवनागरीत तो कामधंद्याच्या ‘काम’सारखा दिसतो, पण त्याला इलाज नाही. लाट दहा सेंटिमीटरच्या वर गेली की ‘स्मूथ’, अर्धा मीटर ते सव्वा मीटर ‘स्लाइट’, तिथून अडीच मीटरपर्यंत ‘मॉडरेट’. अडीच ते चार मीटर ‘रफ’. चार ते सहा मीटर ‘व्हेरी रफ’. सहा ते नऊ मीटर ‘हाय’, त्यापुढे चौदा मीटरपर्यंत ‘व्हेरी हाय’ आणि त्याच्याही वर ‘फिनॉमिनल’.

म्हणजे इथे स्मूथ हा गुळगुळीत नव्हे आणि रफ हा खडबडीत नव्हे. दोन्ही मापे आहेत. मराठीत येताना या मापांचे काय होते हे पाहण्यासारखे आहे. ‘मॉडरेट’चा शब्द बहुधा गळून पडतो, आणि ‘रफ’ व ‘व्हेरी रफ’ या दोहोंना सरसकट ‘खवळलेला’ म्हटले जाते. अडीच मीटरची लाट आणि सहा मीटरची लाट एकाच शब्दात बसते. सहा मीटर म्हणजे जवळपास दुमजली घराची उंची. बाहेरगावच्या वाचकाला या ढिलेपणाने काही बिघडत नाही. आचऱ्याच्या खाडीतून होडी बाहेर काढणाऱ्याला बिघडते. बातमी देताना ‘खवळलेला’ या शब्दाशेजारी लाटेची उंची मीटरमध्ये लिहिली तर भाषांतराचा हा प्रश्न बराचसा सुटतो, आणि त्याला दोनच शब्दांची जागा लागते.

आणखी एक बारकावा. पत्रकात दिलेली उंची ही एकेका लाटेची नसते. ठरावीक काळात येणाऱ्या लाटांपैकी सर्वांत उंच अशा एकतृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्याच काळात एखादी लाट तिच्या दुपटीच्या जवळ जाऊ शकते. ‘रफ’ म्हणून तीन मीटरचा अंदाज असेल तर पाच-सव्वापाच मीटरची लाट समोर येणे हे नवल नव्हे.

‘चॉपी’ आणि ‘स्वेल’ हे शब्दही समजून घेण्याजोगे आहेत. चॉपी म्हणजे स्थानिक वाऱ्याने उठलेल्या आखूड, वेड्यावाकड्या लाटा. त्या फार उंच नसल्या तरी लहान होडीला हैराण करतात. स्वेल म्हणजे दूरच्या वादळातून शेकडो, कधी हजारो किलोमीटर चालत आलेली लांब, संथ दिसणारी लाट. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि पाणी पाहणाऱ्याला अगदी गुळगुळीत, अशा वेळीही स्वेल किनाऱ्यावर येऊन आदळतो. हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे १९९९ मध्ये स्थापन झालेले केंद्र समुद्रस्थितीचे अंदाज देते, त्यात स्वेलचा उल्लेख स्वतंत्रपणे येतो तो याचसाठी. अशा दिवशी ‘सी इज स्मूथ’ हे डोळ्यांपुरते खरे असते.

नोव्हेंबर २००९ मधील फयान आणि मे २०२१ मधील तौक्ते या वादळांनी कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांचे जे नुकसान केले, त्यानंतर इशाऱ्यांच्या भाषेकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. भ्रमणध्वनीवर इशारा आता मिनिटांत पोहोचतो. तो पोहोचल्यावर वाचणाऱ्याला शब्दामागचा आकडा ठाऊक असावा लागतो.

गोल, वाटोळे, गोलसर

आकारांच्या विशेषणांत सर्वांत जास्त ताण ‘राऊंड’वर पडतो. मराठीतील ‘गोल’प्रमाणेच तो भाकरीलाही चालतो आणि सुपारीलाही. नेमके लिहायचे तर सपाट गोलाला ‘सर्क्युलर’, चेंडूसारख्या गोलाला ‘स्फेरिकल’. भाकरी सर्क्युलर, रातांबा साधारणपणे स्फेरिकल. सोललेला नारळ बोलण्यात राऊंड, पण सोडणासकट पाहिला तर त्याला तीन बोथट कडा असतात आणि आकार लांबट असतो, तेव्हा ‘ओव्हॉइड’ किंवा नुसते ‘एग-शेप्ड’ अधिक जवळचे. काजूच्या बीला इंग्रजीत ‘किडनी-शेप्ड’ म्हणतात. तिथे ‘कर्व्हड’ म्हटले तर केळ्याचा भास होईल.

‘राऊंड’ आणि ‘राऊंडेड’ हे दिसायला जुळे असले तरी अर्थाने दूरचे. राऊंडेड म्हणजे कडा झिजून गोलावलेला. ओढ्यातला लांबट, चपटा गोटा राऊंड नसतो, पण राऊंडेड असतो. हाकोन वाडेल या भूशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये हा भेद काटेकोर केला: दगड चेंडूच्या किती जवळ आहे हा एक प्रश्न, त्याच्या कडा किती झिजल्या आहेत हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी ‘अँग्युलर’, ‘सब-अँग्युलर’, ‘सब-राऊंडेड’, ‘राऊंडेड’ अशा पायऱ्या आहेत. यातील ‘सब-’ म्हणजे मराठीतील ‘-सर’: गोलसर, लांबसर, चपटसर. बोलीभाषेत इंग्रजीही ‘राऊंडिश’ म्हणते, पण अहवालात किंवा शास्त्रीय लेखनात तो शब्द पोरकट दिसतो. बांधकामाच्या वाळूत हीच भाषा आणखी वेगळे वळण घेते. इंग्लंडात गवंडी ज्याला ‘शार्प सँड’ म्हणतात ती कोनदार, भरड दाण्यांची. ‘सॉफ्ट सँड’ बारीक आणि झिजलेल्या दाण्यांची. तिथे शार्पचा धारेशी काही संबंध नाही.

धार आणि टोक यांच्या बाबतीत मराठी अधिक सावध आहे. सुरी धारदार, सुई टोकदार. इंग्रजीत ‘शार्प’ दोन्हींना चालतो, म्हणून गरज असेल तिथे टोकासाठी ‘पॉइंटेड’ वापरावा. ‘टेपरिंग’ म्हणजे निमुळता. होडीची नाळ टेपरिंग असते, पण पॉइंटेड असेलच असे नाही. समुद्राकडे कललेला माड ‘लीनिंग’, वाऱ्याने बाक आलेला ‘कर्व्हड’, कोणी जोर लावून वाकवलेली सळई ‘बेंट’. ‘क्रुकेड’ माणसाच्या स्वभावालाही लागतो, त्यामुळे माडाला लावताना थोडा विचार करावा.

पानांच्या वर्णनात एका उपसर्गाने चित्र उलटते. ‘ओव्हेट’ पान देठाकडे रुंद आणि टोकाकडे अरुंद. ‘ऑबोव्हेट’ नेमके उलटे. काजूचे पान ऑबोव्हेट असते. वनस्पतीशास्त्राच्या विद्यार्थ्यांची प्रयोगवही तपासताना शिक्षकांना ही चूक बहुधा सापडतेच.

क्रमाचा नियम

दोन-तीन विशेषणे एकत्र आली की मराठीत त्यांची जागा बदलता येते. ‘काळा गुळगुळीत गोल दगड’ आणि ‘गोल गुळगुळीत काळा दगड’ दोन्ही कानाला चालतात, फक्त भर बदलतो. इंग्रजीत क्रम जवळजवळ ठरलेला आहे. आधी मत, मग आकारमान, मग पोत, मग आकार, मग वय, रंग, मूळ ठिकाण आणि शेवटी पदार्थ. म्हणून ‘स्मूथ राऊंड ब्लॅक स्टोन’ बरोबर आणि ‘ब्लॅक राऊंड स्मूथ स्टोन’ खटकणारा. चिऱ्याच्या गडग्याचे वर्णन करायचे तर ‘अ लो रफ रेड लॅटराइट वॉल’: आधी ठेंगणा, मग खडबडीत, मग तांबडा, मग जांभ्याचा. यात ‘पिटेड’ घालायचा झाला तर त्याची जागा रफच्या शेजारी, रंगाच्या आधी.